फॅमिलीसर्च: शोधपेटी सोडा, वही उघडा

पाचपैकी चार तारे. पाचवा मी त्यांच्या सामाईक वंशवृक्षापायी कापलाय, त्याचं खाली बोलेनच. चार तारेही माझ्याकडून सहज सुटत नाहीत. उमेदीची सगळी वर्षं मुद्रितशोधनात गेली. छापलेलं काहीही समोर आलं की डोळे आधी चूक शोधतात, मजकूर मागाहून वाचतात. चर्चच्या जुन्या वह्या चाळायला ही खोड फार कामाला येते.

फॅमिलीसर्च म्हणजे पूर्वजांचा माग काढण्यासाठीचं संकेतस्थळ. खातं उघडावं लागतं, पैसे लागत नाहीत. "मग यांना हे परवडतं कसं?" असं मला जो तो विचारतो. तर हे चालवतं चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात तो पंथ. मेलेल्या पूर्वजांच्या वतीनेही वंशजांना मंदिरात काही विधी करता येतात अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि त्यासाठी पूर्वज नावानिशी माहीत असावे लागतात. १८९४ साली त्यांनी अमेरिकेतल्या यूटामध्ये वंशावळींसाठी संस्था काढली, १९३८ पासून देशोदेशीच्या जुन्या दप्तरांची मायक्रोफिल्म करायला घेतली. चर्चच्या वह्या, मृत्युपत्रं, जमिनीचे कागद, कोर्टाची दप्तरं, मिळेल ते. साठा चोवीस लाख रिळांच्या आसपास गेला. मूळ रिळं सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात खोदलेल्या तिजोरीत ठेवली आहेत. पूर्वी हवं ते रीळ मागवून त्यांच्या केंद्रात यंत्रावर वाचावं लागे. ती सोय २०१७ मध्ये बंद झाली आणि २०२१ मध्ये रिळांचं डिजिटल रूपांतर पुरं झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. हेतू त्यांचा, लाभ आपला. वह्या वाचायला कुणी तुमचा धर्म विचारत नाही.

आता माझा यात काय संबंध? मुलीने लग्न केलं ते इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यातल्या मुलाशी. विहीणबाईंनी मला एकदा त्यांच्या घरच्या जुन्या बायबलच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानाचा फोटो पाठवला. त्यावर तीन पिढ्यांचे जन्म, लग्नं आणि मृत्यू वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या शाईत लिहिलेले. खाली विहीणबाईंची ओळ: याच्या मागचं आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. निवृत्त मुद्रितशोधकाला असं काही लिहून पाठवू नये. (आडनाव इथे देत नाही. जावईबापूंची हरकत आहे आणि ती रास्त आहे.)

पहिल्यांदा आत शिरल्यावर समोर शोधपेटी येते. नाव, आडनाव, जन्माचं साल, गाव. भराल आणि बटण दाबाल तर हजारो निकाल कोसळतात, आणि तिथेच बरेच लोक एक तर पहिला निकाल आपला मानून मोकळे होतात किंवा कंटाळून संकेतस्थळ बंद करतात. दोन्ही करू नका. ही पेटी शोधते सूचीमध्ये, वहीमध्ये नव्हे. सूची म्हणजे कुणीतरी, बहुतेक वेळा स्वयंसेवकाने आणि अलीकडे संगणकाने, वहीचं पान बघून त्यातले मोजके रकाने टंकून काढले ते. नाव, तारीख, आईबापांची नावं. बाकीचं पानावरच राहतं. शिवाय वाचणाऱ्याला अक्षर लागलं तसं त्याने उतरवलं. जुन्या इंग्रजी लिखाणात शब्दाच्या मध्ये येणारा लांब एस हुबेहूब एफसारखा दिसतो. जॉनचं संक्षिप्त रूप जे-एन-ओ असं लिहीत. स्पेलिंग तर पाद्रीबुवांच्या कानावर अवलंबून. जावयांचं आडनाव एकाच पाद्रीने एकाच पानावर दोन तऱ्हांनी लिहिलेलं मी पाहिलंय. त्यामुळे पेटी वापरायचीच तर आडनावातल्या संशयास्पद अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा तारका टाका. एका अक्षरासाठी प्रश्नचिन्ह, कितीही अक्षरांसाठी तारका. एवढ्याने निम्मे हरवलेले लोक सापडतात.

पण खरा माल कॅटलॉगमध्ये आहे. शोधाच्या यादीत कॅटलॉग निवडायचा, 'स्थळ' या रकान्यात पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचं, नाव टाकायचं, आणि त्या गावाच्या नावाखाली काय काय आहे ते बघायचं: चर्चच्या नोंदी, जनगणना, जमीनजुमला, करवसुली, गरिबांच्या मदतीचे कागद. प्रत्येक रिळापुढे छोटं चिन्ह असतं. नुसता कॅमेरा असेल तर प्रतिमा घरबसल्या बघता येतात. कॅमेऱ्यावर किल्ली असेल तर ती पानं त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊनच बघायची, कारण मूळ कागद ज्यांच्या मालकीचे त्या अभिलेखागाराशी किंवा धर्मप्रांताशी झालेला करार तसा असतो. यावरून लोक फॅमिलीसर्चला बोल लावतात ते मला पटत नाही. वह्या त्यांच्या नाहीतच.

रीळ उघडलं की छोट्या छोट्या चित्रांची जाळी दिसते, शेकडो पानं. एकाच रिळावर पाच-सहा वह्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, कधीकधी शेजारच्या गावाच्यासुद्धा. मध्ये 'आयटम' आणि आकडा लिहिलेली पाटी येते, ती वहीची सरहद्द. नवशिक्याने आधी या पाट्या हेरून प्रतिमाक्रमांक कागदावर लिहून घ्यावेत, नाहीतर बाप्तिस्मे शोधता शोधता तुम्ही भलत्याच गावाच्या दफनांत जाऊन पडाल. मग मधल्या एखाद्या क्रमांकावर उडी मारायची, साल बघायचं, पुढे-मागे व्हायचं.

वही वाचायची तर ती कुणी आणि का लिहायला लावली हे माहीत हवं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. इंग्लंडमध्ये १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत नोंदवावीत. सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी सुट्या कागदांवर काम भागवलं गेलं. १५९८ मध्ये फर्मावलं की हे सगळं चर्मपत्राच्या वहीत उतरवून काढा, विशेषतः एलिझाबेथ राणी गादीवर आली त्या १५५८ पासूनचं, आणि दरवर्षी एक प्रत बिशपकडे पाठवा. म्हणून कित्येक गावांच्या वह्या १५३८ ऐवजी १५५८ पासूनच सुरू होतात. बिशपकडच्या प्रती हा तर आपला राखीव साठा. मूळ वही उंदरांनी खाल्ली, भिजली, हरवली तर प्रत कामाला येते. नॉर्फोकमध्ये अशा प्रती आर्चडीकनकडेही (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ पाद्री) जात. दोन्ही शाबूत असतील तर दोन्ही बघा. नक्कल करताना लेखनिकाने वगळलेलं किंवा मूळ वहीत नसलेलं असं काहीतरी हमखास सापडतं. नक्कल आणि मूळ ताडून बघण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यामुळे यात मला नवल वाटलं नाही.

सतराव्या शतकाच्या मध्यावर यादवी युद्धाच्या काळात वह्यांना भोकं आहेत. १६५३ च्या कायद्याने नोंदणीचं काम पाद्रींकडून काढून गावाने निवडलेल्या माणसाकडे दिलं, लग्नं मॅजिस्ट्रेटसमोर होऊ लागली. राजेशाही १६६० ला परतली तेव्हा घडी बसली, पण मधली वीसेक वर्षं अनेक गावांत कोरीच आहेत. तिथे डोकं आपटून उपयोग नाही.

मग १७५२. त्याआधी इंग्लंडमध्ये कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे वहीत फेब्रुवारी १७४१ लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १७४२. मी एका जोडप्याचं मे १७४१ मधलं लग्न आणि त्यांच्या पहिल्या मुलाचा फेब्रुवारी १७४१ मधला बाप्तिस्मा अशी दोन पानं मुलीला पाठवली, तिचा लगेच फोन. "आई, हे काय गं? आधी बाळ, मग लग्न?" म्हटलं, "बोटं मोज. मे ते फेब्रुवारी. व्यवस्थित नऊ महिने झालेत." विहीणबाईंपर्यंत ही बातमी योग्य क्रमाने पोचावी म्हणून मी तारखा १७४१/४२ अशाच लिहिते, इंग्रजी अभ्यासकही तशाच लिहितात. सूचीत कधी वहीतलं साल असतं तसं ठेवलेलं असतं, तेव्हा पान बघितल्याशिवाय कुणाच्या चारित्र्याबद्दल बोलू नये. आणखी एक सापळा महिन्यांचा. सेव्हन लिहून पुढे बर असं लिहिलेलं दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. तसेच आठचा ऑक्टोबर, नवाचा नोव्हेंबर, दहाचा डिसेंबर.

२५ मार्च १७५४ पासून लग्नांची वही बदलते. हार्डविक यांच्या कायद्याने लग्नासाठी वेगळी वही आली, आणि वधू, वर, साक्षीदार आणि पाद्री या सगळ्यांच्या सह्या किंवा खुणा तिच्यात येऊ लागल्या. वंशावळी शोधणाऱ्यांना याहून मोठं दान कुठल्याच कायद्याने दिलेलं नाही असं माझं मत. १७८३ मध्ये मात्र सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेनीचा कर बसवला. दरिद्री माणसाला माफी होती, त्याच्या नावापुढे पी अक्षर दिसतं. कर १७९४ मध्ये उठला. त्या काळात गावात अचानक गरीब वाढलेले दिसले तर पाद्रीबुवा दयाळू होते असं समजायला हरकत नाही.

याच काळातली एक गाठ सोडवताना फॅमिलीसर्चची खरी किंमत मला कळली. जावयांच्या एका पूर्वजाचा बाप विल्यम, आई एलिझाबेथ, बाप शेतमजूर, साल १७९० च्या आसपास. सूचीत त्या गावात विल्यम आणि एलिझाबेथ यांची, त्याच आडनावाची, दहा-बारा वर्षांत ओळीने मुलं. मोजली तर इतकी जवळजवळची की एका बाईला होणं शक्य नाही. दोन बाप्तिस्मे चार महिन्यांच्या अंतराने. म्हणजे दोन विल्यम, दोन एलिझाबेथ, बहुधा चुलतभाऊ. कुठलं मूल कुणाचं? मी जालावर इतरत्र पाहिलेल्या वंशवृक्षांमध्ये ही सगळी मुलं एकाच आईच्या पदरात घातलेली होती, बिचारीला श्वास घ्यायला वेळ नाही.

वही उघडली आणि प्रश्न पानावरच सुटला. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत नॉर्फोककडच्या अनेक वह्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनावही लिहिलेलं असतं. सूची करणाऱ्याने तो भाग घेतलाच नव्हता, कारण सूचीत त्यासाठी रकानाच नव्हता. पानावर मात्र प्रत्येक बाळापुढे स्वच्छ: एका एलिझाबेथचं माहेर एक, दुसरीचं दुसरं. तासाभरात दोन घरं वेगळी झाली. मग लग्नाच्या वहीत गेले. एका एलिझाबेथने फुली मारली होती. दुसरीने सही केली होती, जरा थरथरत्या पण स्वतःच्या अक्षरात, आणि तिच्या नवऱ्याने मात्र फुली. आमच्या नातीची कितीतरी पिढ्यांमागची आजी ती सहीवाली निघाली. ही बातमी ऐकून विहीणबाईंना झालेला आनंद मला पुरेपूर समजला.

आणि म्हणूनच १८१३ चा मला राग येतो. १ जानेवारी १८१३ पासून रोझ यांच्या कायद्याने छापील नमुन्याच्या वह्या आल्या. बापाचा व्यवसाय आणि राहण्याचं ठिकाण हे रकाने आले, दफनाच्या नोंदीत वय आलं, हे चांगलंच. पण बाप्तिस्म्याच्या छापील चौकटीत आईच्या माहेरच्या नावाला जागा नाही. जिथे ते लिहायची चांगली रीत पडली होती तिथे ती छापखान्याने मोडली. छापखान्याच्या बाजूने जन्मभर काम केलेल्या बाईने हे लिहिणं बरं नव्हे, पण खरं आहे.

१ जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू होते आणि काम सोपं होतं. विवाहाच्या दाखल्यावर दोघांच्या बापांची नावं आणि धंदे असतात. जनगणनेतली १८४१ ची वयं जपून घ्या. पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढायची अशी सूचना होती, त्यामुळे एकोणचाळिशीचा माणूस पस्तिशीचा होतो. १८५१ मध्ये जन्माची पॅरिश लिहिली आहे. मागे जायचा पूल तोच.

बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे, हेही नव्या माणसाला सांगावं लागतं. काहींनी चार मुलं साठेपर्यंत थांबून एकाच रविवारी सगळ्यांचे बाप्तिस्मे उरकलेले असतात. आणि बाप्तिस्मा सापडला की लगेच पुढची पंधराएक वर्षं दफनाची वही वाचायची. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची पद्धत सर्रास होती. दफन न बघता काढलेल्या वंशवृक्षांत तीन महिन्यांची बाळं मोठी होऊन लग्न करतात आणि नातवंडं पाहतात.

चर्चच्या कपाटात बाप्तिस्मा-लग्न-दफनाखेरीज आणखी कागद असत, त्यांच्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. १६६२ च्या कायद्यानंतर गरिबाला पोसायची जबाबदारी तो ज्या पॅरिशचा कायम रहिवासी त्या पॅरिशवर होती. त्यामुळे परका माणूस मदत मागणार अशी शंका आली की त्याची चौकशी होई: जन्म कुठला, वर्षभर सलग चाकरी कुणाकडे केली, लग्न कुठे झालं. अविवाहित माणूस अशी वर्षभराची चाकरी करून त्या गावचा ठरत असे, म्हणून मालकांची नावंसुद्धा येतात. ज्या शेतमजुराने आयुष्यात एक अक्षर लिहिलं नाही त्याची आख्खी कहाणी अर्ध्या पानात मिळते. जावयांचं एक घर एका गावाच्या वहीतून अचानक नाहीसं झालं होतं. दफनं नाहीत, लग्नं नाहीत. अखेर दोन जस्टिस ऑफ द पीसच्या, म्हणजे स्थानिक मॅजिस्ट्रेटच्या, सह्यांचा हुकूम सापडला: नवरा, बायको आणि वयांसकट पोरं, सगळ्यांना मूळ पॅरिशला परत धाडा. पुढचे बाप्तिस्मे त्या मूळ पॅरिशच्या वहीत माझी वाट बघत होतेच.

असे कागद कुणी फारसे सूचीबद्ध केलेले नसतात. इथे त्यांची नवी सोय उपयोगी पडते. २०२४ मध्ये त्यांनी हस्तलिखिताचा पूर्ण मजकूर शोधायची व्यवस्था प्रायोगिक म्हणून सुरू केली. संगणक हस्ताक्षर वाचतो आणि पानातल्या कुठल्याही शब्दावर शोध घेता येतो. सुरुवात अमेरिकेतले जमिनीचे आणि मृत्युपत्रांचे कागद आणि मेक्सिकोतली नोटरींची दप्तरं यांपासून झाली, मग व्याप वाढत गेला. साक्षीदार, शेजारी, कर्जदार म्हणून आलेली माणसं यातून सापडतात, जी सूचीत कधीच आली नसती. संगणकाचं वाचन मी माझ्या सवयीने पानाशी ताडून बघते. वळणदार, समंजस अक्षर तो छान वाचतो. घाईचं अक्षर दिसलं की ठोकून देतो, आणि तेही आत्मविश्वासाने. असे शिकाऊ सहकारी मी पाहिलेत.

सोळाव्या-सतराव्या शतकातली 'सेक्रेटरी हँड' ही लेखनपद्धती शिकल्याशिवाय वाचता येत नाही, कितीही चांगला चष्मा लावा. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर तिचा मोफत पाठ आहे, तो करा. कॅथलिक वह्या लॅटिनमध्ये असतात, पण त्यात मोजकेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. नावं तेवढी ओळखायला शिका: जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम.

आता तो कापलेला तारा. फॅमिलीसर्चवर प्रत्येकाचा वेगळा वंशवृक्ष नसतो. सगळ्या जगाचा मिळून एकच. तत्त्व सुंदर आहे. एका माणसाची एकच नोंद, सगळे वंशज मिळून तिच्यात भर घालणार. पण भर घालता येते तसं बदलताही येतं, आणि बदलणाऱ्याने वही उघडली होती की नाही हे तपासणारं कुणी नाही. दोन सारख्या नावांची माणसं कुणी उत्साहाच्या भरात एकत्र करून टाकू शकतो. बदलांचा इतिहास राहतो, जुनं परत आणता येतं, कारण लिहायची जागाही आहे, जिवंत माणसांची माहिती इतरांपासून झाकलेली असते, हे सगळं मान्य. तरी माझ्या मते जिथे एकही पुरावा जोडलेला नाही तिथे दोन नोंदी एकत्र करायची मुभाच नसावी. छापायला गेलेल्या फॉर्मवर रस्त्याने जाणाऱ्याने पेन चालवावं असा हा प्रकार. माझी पद्धत अशी: वंशवृक्ष घरी वहीत, तिथे फक्त पुरावे जोडायचे, आणि आपल्या माणसांना 'फॉलो' करून ठेवायचं, म्हणजे काही बदललं की निरोप येतो. पैसे घेणाऱ्या एका दुसऱ्या संकेतस्थळाने तर मला चार टिचक्यांत एका राजापर्यंत नेऊन पोचवलं होतं. जावईबापूंनी ते दोन दिवस फार मनावर घेतलं.

संकेतस्थळावरचा 'विकी' हा भाग कुणी उघडत नाही आणि मला तो सगळ्यांत आवडतो. प्रत्येक देशाचं, परगण्याचं पान, त्यात तिथे कुठली दप्तरं कधीपासून आहेत, कुठे ठेवली आहेत, कुठल्या वर्षांना भोकं आहेत. शोधायला बसण्याआधी पाव तास तिथे घालवला तर नसलेली वही शोधायचे कष्ट वाचतात. स्वीडनचं पान वाचाल तर हेवा वाटेल. तिथे १६८६ च्या चर्च कायद्यानंतर पाद्री घरोघर जाऊन धर्मज्ञानाची परीक्षा घेत आणि घरातल्या प्रत्येकाची नोंद ठेवत, कोण कुठून आलं, कुठे गेलं यासकट. नॉर्फोकच्या पाद्रींनी एवढे कष्ट घेतले असते तर मी ही समीक्षा केव्हाच लिहून मोकळी झाले असते.

एकट्या फॅमिलीसर्चवर विसंबू नका हे मात्र आहेच. इंग्लंडसाठी फ्रीरेग या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी टंकलेल्या पॅरिश नोंदी मोफत आहेत, आणि स्वयंसेवक स्थानिक असला तर त्याला आडनावं बरोबर लागतात. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि जर्मनीच्या काही भागांतल्या चर्चच्या वह्यांसाठी मॅट्रिक्युला आहे; नुसती पानं, पण तीही मोफत. आणि जे काही सापडेल त्याच्या संग्रहाचं नाव, रिळाचा क्रमांक आणि प्रतिमाक्रमांक तिथल्या तिथे लिहून ठेवा. "कुठेतरी पाहिलं होतं" ही नोंद मी लेखकांची चालवून घेतली नाही, स्वतःचीही घेत नाही.

विहीणबाईंचं माहेर आयर्लंडचं. मुलाच्या बापाची बाजू सतराव्या शतकापर्यंत गेली तशी त्यांना माहेरची ओढ लागली. तिथे वाट अवघड. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी अभिलेखागार यादवी युद्धात उडालं, जळालं. जनगणनेची जुनी दप्तरं, मृत्युपत्रं, तिथे जमा केलेल्या चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट पंथाच्या वह्या, जवळजवळ सगळं गेलं. कॅथलिकांच्या वह्या पॅरिशमध्येच होत्या म्हणून वाचल्या, आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या मायक्रोफिल्मची पानं २०१५ मध्ये मोफत खुली केली. विहीणबाईंच्या पॅरिशची वही मी शोधली, पहिलं पान १८२० नंतरचं. त्यांच्या पणजीचे आईवडील त्यात आहेत, लॅटिनमध्ये, बाप्तिस्म्याच्या वेळी हजर असलेल्या धर्ममातापित्यांसह. त्यामागे कागद नाही. तसं मी त्यांना स्पष्ट कळवलं, पानांचे फोटो आणि प्रतिमाक्रमांक जोडून.

संध्याकाळी उत्तर आलं. आभार वगैरे मानून झाल्यावर खाली विचारलं होतं की मग धर्ममातेचं आडनाव त्यांच्या आजीच्या माहेरच्या आडनावासारखं दिसतंय, तिच्याकडून काही मागे जाता येईल का, आणि मला या आठवड्यात वेळ आहे का.